प्रतीक आणि परिसर : सवारो या महानिवडुंगाच्या वाङ्मयीन व सांस्कृतिक आकलनाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोचे सोनोरा राज्य मिळून जो शुष्क प्रदेश तयार होतो, तो सोनोरन वाळवंट या नावाने ओळखला जातो. या प्रदेशात बारा ते पंधरा मीटरपर्यंत वाढणारा, खांबासारख्या खोडाचा व वर वळलेल्या फांद्यांचा एक निवडुंग आहे. इंग्रजी वर्णानुसार त्याचे नाव 'सग्वारो' असे वाचले जात असले तरी त्याचा स्थानिक उच्चार 'सवारो' असा आहे व प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला आहे. चित्रपट, जाहिराती, व्यंगचित्रे व पर्यटनसाहित्य यांतून या वनस्पतीची आकृती जगभर पोहोचली आहे. सवारो प्रत्यक्षात कधीही न पाहिलेल्या मराठी वाचकालाही ही आकृती परिचित असते. तिच्यासोबत एक अर्थही त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. तो म्हणजे एकाकीपणा, ओसाडी आणि कणखर स्वयंपूर्णता.

हा अर्थ कोठून आला, तो सवारोच्या जीवनक्रमाशी कितपत जुळतो आणि या वनस्पतीसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तोहोनो ओऽधाम समाजाच्या आकलनाशी त्याचे नाते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सवारोचे 'एकाकी प्रतीक' म्हणून झालेले वाचन हे निसर्गेतिहासाच्या दृष्टीने अपुरे व सांस्कृतिक दृष्टीने अन्यायकारक आहे, अशी लेखाची मांडणी आहे. वाङ्मयसमीक्षेत निसर्गातील वस्तू 'प्रतिमा' म्हणून वाचण्याची आपल्याला सवय आहे. मात्र ती वस्तू स्वतः काय आहे हे न पाहता केलेले वाचन कोठे नेऊन पोहोचवते, याचे सवारो हे बोलके उदाहरण होय.

२. शब्दांचा अडसर : 'निवडुंग' आणि 'वाळवंट'

मराठीतून या विषयाकडे वळताना दोन शब्दांची चर्चा प्रथम करावी लागते. पहिला शब्द 'निवडुंग'. मराठीत हा शब्द काटेरी, मांसल खोडाच्या अनेक वनस्पतींना सरसकट लावला जातो. आपल्या कुंपणांवरचा तिधारी निवडुंग हा चीक असलेल्या युफोर्बिया वर्गातील असून सवारोच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. फड्या निवडुंग मात्र खऱ्या अर्थाने सवारोचा कुळबंधू आहे आणि तो मूळचा अमेरिका खंडातीलच आहे. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन खंडांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेल्या वनस्पती एकत्र आल्या आहेत. पाणी साठवण्याची गरज समान असल्याने त्यांचे रूप सारखे झाले. मराठी कवितेत व ललित लेखनात 'निवडुंग' या शब्दाभोवती उपेक्षेचा व काटेरी एकटेपणाचा जो भाव साचला आहे, तो या रूपावरून आला आहे. 'सवारो'चे भाषांतर 'महानिवडुंग' असे करताच हा सगळा भाव त्याच्यासोबत येतो.

दुसरा शब्द 'वाळवंट'. या शब्दाने वाळूच्या टेकड्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. सोनोरन वाळवंटाचा मोठा भाग मात्र खडकाळ उतारांचा व झुडुपांचा आहे. तेथे हिवाळी व उन्हाळी असे पावसाचे दोन हंगाम असतात. त्यांपैकी जुलैच्या सुमारास सुरू होणाऱ्या उन्हाळी पावसाला ॲरिझोनातील लोक 'मान्सून' असेच म्हणतात. येथे मराठीतील आणखी एक संदर्भ ध्यानात घेण्यासारखा आहे. वारकऱ्याच्या बोलीत 'वाळवंट' म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट. तेथे कीर्तन रंगते, दिंड्या भेटतात. म्हणजे आपल्याच भाषेत हा शब्द एका परंपरेत निर्जनतेचा, तर दुसऱ्या परंपरेत मेळ्याचा वाचक आहे. 'वाळवंट म्हणजे रिकामी जागा' हे समीकरण शब्दात उपजत नाही, ते वापरातून घडले आहे. सवारोच्या वाचनातही नेमके हेच घडलेले दिसते.

३. सवारोचा निसर्गेतिहास : एकाकीपणाच्या कल्पनेची पडताळणी

सवारोचा प्रौढ खांब दुरून एकटा दिसतो. त्याच्या जीवनाचा आरंभ मात्र दुसऱ्याच्या आश्रयाने होतो. उघड्यावर पडलेले बी रुजले तरी कोवळे रोप कडक ऊन, हिवाळ्यातील गोठण आणि कुरतडणारे प्राणी यांपुढे टिकत नाही. पालो व्हर्दे, मेस्किट किंवा आयर्नवुड यांसारख्या झाडाखाली पडलेल्या बियांतील काहींनाच पुढे जाता येते. यांपैकी मेस्किट हे आपल्याकडील वेड्या बाभळीचे जवळचे नातेवाईक आहे. अशा आश्रयदात्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ 'नर्स प्लँट' म्हणतात. मराठीत 'दाईवृक्ष' म्हणता येईल. एका फळात सुमारे दोन हजार बिया असतात आणि एक सवारो आयुष्यभरात कोट्यवधी बिया निर्माण करतो. तरीही त्यांतील अगदी थोड्याच प्रौढ होतात.

वाढीचा वेगही विलक्षण मंद असतो. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम तीन-चार सेंटीमीटर वाढते. फुले येण्यास साधारण पस्तीस वर्षे व कधी त्याहून बराच अधिक काळ लागतो. जाहिरातींत सवारोची ओळख ठरलेली ती वळलेली फांदी बहुधा पन्नास ते सत्तर वर्षांनी फुटते. कोरड्या जागी शंभर वर्षेही लागतात. आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचे असते. त्यामुळे आज दिसणारा फांद्यांचा सवारो हा त्याच्या कोवळेपणीच्या, म्हणजे शतकापूर्वीच्या काही अनुकूल वर्षांचा साक्षीदार असतो. कोणत्याही एका क्षणी पाहून या वनस्पतीचे बरेवाईट ठरवता येत नाही.

सवारोची मुळे खोल जात नाहीत. एक छोटे सोटमूळ सोडल्यास इतर मुळे जमिनीखाली दहा-पंधरा सेंटीमीटरवर, झाडाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत पसरतात आणि अल्पशा पावसाचे पाणीही झटपट शोषून घेतात. खोडावरील उभ्या पन्हळी हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे उघडतात व मिटतात. त्यामुळे पाणी साठताना खोड न फाटता फुगते. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून रंध्रे रात्री उघडतात आणि कर्बवायू रात्रीच घेतला जातो. स्वयंपूर्णतेचा आभास निर्माण करणारी यंत्रणा ती हीच. परंतु रात्र थंड होणे ही या यंत्रणेची अट आहे, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

एप्रिलअखेर ते जून या काळात येणारे पांढरे फूल रात्री उमलते व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटते. या अल्पावधीत रात्री लांब नाकाची वटवाघळे आणि दिवसा पांढऱ्या पंखांचे होले व मधमाश्या परागीभवन करतात. ही वटवाघळे मेक्सिकोतून स्थलांतर करून येतात. १९८८ मध्ये अमेरिकेने त्यांचा संकटग्रस्त प्रजातींत समावेश केला होता. दोन्ही देशांतील संवर्धनकार्यानंतर २०१८ मध्ये त्यांचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. गिला सुतारपक्षी व गिल्डेड फ्लिकर हे पक्षी खोडात ढोली कोरतात. सवारो त्या जखमेभोवती कठीण आवरण तयार करतो. पहिला पक्षी निघून गेल्यावर त्या ढोलीत 'एल्फ आऊल' हे जगातील सर्वांत लहान घुबडांपैकी एक घुबड व इतर पक्षी राहतात. सवारो मेल्यानंतर गर कुजतो, पण ढोलीचे आवरण बुटाच्या आकाराच्या पात्रासारखे शिल्लक राहते आणि आतील लाकडी कांब्याही उरतात.

येथे एका भाबड्या निष्कर्षापासून सावध राहणे आवश्यक आहे. हे सर्व परस्परसहाय्याचे गोड चित्र नव्हे. मोठा होत गेलेला सवारो आपल्याच दाईवृक्षाच्या वाट्याचे पाणी घेतो आणि त्यामुळे पालो व्हर्दे खंगून मरत असल्याचे अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले आहे. सवारोचे जीवन संबंधांवर उभे आहे आणि त्या संबंधांत आश्रय, देवाणघेवाण, स्पर्धा व मृत्यू हे सारे आहे. एकाकीपणाची प्रतिमा नाकारताना तिच्या जागी सलोख्याची तितकीच सोपी प्रतिमा आणून बसवल्यास समीक्षा पुढे सरकली असे म्हणता येणार नाही.

४. एकाकी प्रतीकाची घडण

सवारोचे इंग्रजीतील वाचन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झाले. जॉर्ज एंगेलमन यांनी १८४८ मध्ये त्याला 'सेरेयस जायगँटियस' असे शास्त्रीय नाव दिले. १९०८ मध्ये ब्रिटन व रोझ यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पून 'कार्नेजिया' हे नाव योजले. हे नाव पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या सन्मानार्थ आहे. त्यांच्या नावाच्या संस्थेने १९०३ मध्ये टूसॉन येथील तुमामॉक टेकडीवर वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा स्थापन केली होती. तेथे झालेल्या संशोधनाचे मोल मोठे आहे. तरीही ज्या वनस्पतीला तेथील रहिवाशांच्या भाषेत 'हाशान' हे नाव आधीपासून होते, तिला दूरच्या एका देणगीदाराचे नाव मिळाले, ही घटना केवळ तांत्रिक मानता येत नाही. नामकरण हेही एक वाचनच असते.

ललित गद्यात जॉन व्हॅन डाइक यांचे 'द डेझर्ट' (१९०१) हे पुस्तक पायाभूत मानले जाते. व्हॅन डाइक हे कलेचे इतिहासकार होते आणि वाळवंटाकडे त्यांनी रंग, प्रकाश व आकार यांच्या अंगाने पाहिले. ओसाड म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशात सौंदर्य आहे, तो प्रदेश शेतीखाली आणू नये, असा आग्रह त्यांनी त्या काळात धरला, हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. मात्र त्यांच्या वाळवंटात माणसे जवळजवळ नाहीत. वनस्पती व प्राणी दिसतात ते प्रामुख्याने अखंड झुंजीच्या रूपात. पुढील अभ्यासकांनी त्यांच्या निसर्गविषयक तपशिलांतील चुका दाखवल्या आणि पुस्तकात सूचित होणारी एकट्याची भटकंती प्रत्यक्षात तशी नव्हती, हेही पुढे आणले. एकटा द्रष्टा आणि निर्मनुष्य वाळवंट ही जोडी इंग्रजी वाळवंटलेखनात पुढे वारंवार येते. एकटा उभा सवारो तिला शोभून दिसतो.

छायाचित्रणात हीच दृष्टी वेगळ्या रीतीने व्यक्त झाली. एडवर्ड कर्टिस यांच्या १९०७ मधील प्रसिद्ध छायाचित्रात सवारोची फळे गोळा करणाऱ्या मारिकोपा स्त्रिया डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या आहेत. येथे माणसे आहेत, पण ती लोप पावणाऱ्या जगाचे अवशेष असल्यासारखी मांडली आहेत. कर्टिस यांच्या समग्र प्रकल्पामागे मूळ रहिवाशांचे जीवन नष्ट होण्यापूर्वी टिपून ठेवण्याचा हेतू होता. परिणामी, दरवर्षीच्या कामाचा एक दिवस 'भूतकाळा'त ढकलला गेला.

विसाव्या शतकात चित्रपटांनी व जाहिरातींनी या आकृतीला तिच्या भूगोलापासूनच तोडले. सवारो टेक्ससमध्ये नैसर्गिकरीत्या वाढत नाही, तरी तेथील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर तो दिसतो. 'पश्चिम' सुचवायचे असले की सवारो काढायचा, असा संकेतच रूढ झाला. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतील स्नूपीचा भाऊ स्पाइक कॅलिफोर्नियातील नीडल्स या गावाजवळ राहतो आणि निवडुंगाशी गप्पा मारतो. त्या भागात सवारो जवळजवळ नसतात. शुल्झ यांचा विनोद कोवळा व करुण आहे आणि त्याच्या कलामूल्याविषयी वाद नाही. परंतु हा विनोद कशावर उभा आहे? निवडुंग म्हणजे उत्तर न देणारा सोबती, या गृहीतावर.

या मालिकेतील शेवटचे उदाहरण गंभीर आहे. १९८२ मध्ये फिनिक्सजवळ बंदुकीने सवारोवर गोळ्या झाडणाऱ्या एका तरुणाच्या अंगावर त्याच सवारोचा भाग कोसळून त्याचा मृत्यू झाला. या घटनेवर पुढे विनोदी ढंगाचे गाणेही रचले गेले आणि 'निवडुंगाने सूड घेतला' अशा स्वरूपात ती कथा सांगितली जाते. येथे सवारोला कर्तेपण मिळते खरे, पण ते केवळ सूड घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे. माणूस आणि सवारो समोरासमोर उभे राहतात, जणू द्वंद्वयुद्धच. म्हणजे बोलणारा निवडुंगही शेवटी त्या 'पश्चिमे'च्या चौकटीतच राहतो.

५. 'हाशान' : तोहोनो ओऽधाम समाजाचे आकलन

'तोहोनो ओऽधाम' या नावाचा अर्थच 'वाळवंटातील लोक' असा आहे. बाहेरच्यांनी दिलेले 'पापागो' हे नाव नाकारून या समाजाने १९८६ मध्ये स्वतःचे नाव अधिकृतपणे स्वीकारले. १८५३ च्या गॅड्सडेन करारानंतर त्यांच्या भूमीतून दोन देशांची सीमा गेली. आजही त्यांच्या राखीव प्रदेशाची सुमारे शंभर किलोमीटर हद्द ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे.

सवारोची फळे जूनच्या सुमारास पिकतात. म्हणजे वर्षातील सर्वांत कोरड्या व उष्ण काळात, इतर अन्न दुर्मीळ असताना, हे अन्न मिळते. फळांचा हा हंगाम ओऽधाम वर्षाचा आरंभ मानला जातो. 'बाहिदाज' म्हणजे फळ काढण्यासाठी लांब काठी वापरतात. ती मेलेल्या सवारोच्याच कांब्या जोडून बनवलेली असते व तिला 'कुइपड' म्हणतात. गर काढून घेतल्यावर रिकाम्या फळाची लाल बाजू आकाशाकडे करून ते जमिनीवर ठेवण्याची रीत आहे. पाऊस यावा ही त्यामागील प्रार्थना. गराचा पाक होतो, बियांचे पीठ होते आणि पाक आंबवून 'नवाइत' हे पेय तयार होते. नवाइतच्या समारंभात गीते म्हटली जातात, सर्वांनी मिळून पेय प्यायचे असते. जमीन पावसाने भिजावी तसे माणसाने पेयाने भिजावे, असा त्यामागील भाव आहे. अशा समारंभात होणारी उलटीही ढगांशी जोडली जाते. बाहेरच्या शासकीय अधिकाऱ्यांना व मिशनऱ्यांना यात दारूबाजीच दिसली आणि समारंभाला विरोधही झाला.

या विषयावरील तीन ग्रंथ एकापुढे एक ठेवले असता दृष्टीतील बदल स्पष्ट होतो. रूथ अंडरहिल यांचे 'सिंगिंग फॉर पॉवर' (१९३८) हे मानववंशशास्त्रज्ञाचे पुस्तक आहे. ओऽधाम गीतांना स्वतंत्र वाङ्मय म्हणून सन्मान देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागेल. तथापि उपशीर्षकात गीतांसाठी 'जादू' या अर्थाचा शब्द योजलेला आहे. जादू म्हटले की कृती व फळ यांचा संबंध वाचकाच्या मनात खोटा ठरतो आणि गीताकडे तो कौतुकाने, पण वरून पाहतो. पाऊस येण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर, फळ पिकण्याच्या वेळी, सगळा समाज एकत्र येतो; या कालनिश्चितीत पिढ्यांचे निरीक्षण साठले आहे, ही गोष्ट त्या शब्दामुळे झाकली जाते.

गॅरी पॉल नाभान यांचे 'द डेझर्ट स्मेल्स लाइक रेन' (१९८२) हे वनस्पतिअभ्यासकाचे पुस्तक आहे. वाळवंटाला कसला वास येतो, या प्रश्नाला एका ओऽधाम मुलाने दिलेल्या उत्तरावरून त्याचे शीर्षक आले. कोरड्या प्रदेशाची ओळख पावसाच्या वासाने व्हावी, ही कल्पनाच व्हॅन डाइक यांच्या परंपरेला छेद देते. नाभान यांच्या लेखनाचे बलस्थान असे की, त्यांच्या निसर्गवर्णनात शेत, बी-बियाणे, स्वयंपाक व समारंभ हे वेगळे कप्पे राहत नाहीत. मर्यादा अशी की, सांगणारा अखेर पाहुणाच आहे आणि ओऽधाम माणसे बहुतेक वेळा त्याच्या शिक्षणाचे निमित्त म्हणून येतात.

ओफेलिया झेपेडा यांच्या 'ओशन पॉवर' (१९९५) या संग्रहात हे अंतर राहत नाही. झेपेडा स्वतः ओऽधाम असून भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९८३ मध्ये आपल्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९९९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. या संग्रहात इंग्रजीबरोबर ओऽधाम भाषाही येते. एका कवितेत फळे काढण्याची काठी ढगांना अडकवून खाली ओढणारी होते. वरवर पाहता ही एक सुंदर कल्पना वाटेल. मात्र वर वर्णन केलेला व्यवहार ठाऊक असल्यास या कल्पनेचा प्रत्येक धागा प्रत्यक्षात सापडतो : काठी सवारोची आहे, ती वर उचलली जाते, फळ खाली येते, त्या फळाच्या पेयाने पावसाला बोलावले जाते आणि पाऊस आला तरच नवे बी रुजते. येथे सवारो दुसऱ्या कशाचे 'प्रतीक' नाही. तो कृतीच्या साखळीतील एक दुवा आहे आणि कविता ती साखळी उच्चारते. निसर्गेतिहास न जाणणाऱ्या समीक्षकाला या कवितेत रूपक दिसेल. जाणणाऱ्याला ऋतुचक्र दिसेल. दोन्ही वाचने शक्य असली तरी दुसरे अधिक समृद्ध आहे.

सवारोच्या उत्पत्तीच्या ओऽधाम कथांत आईने दुर्लक्षिलेले मूल जमिनीत शिरते व सवारो होऊन बाहेर येते, असे एक रूप आढळते. सवारो ही माणसेच आहेत, त्यांना दगड मारू नयेत, ही शिकवण या कथेशी सुसंगत आहे. २०२१ मध्ये तोहोनो ओऽधाम राष्ट्राच्या विधिमंडळाने सवारोला 'व्यक्ती' म्हणून मान्यता देणारा ठराव केला. अलंकारशास्त्रात आपण ज्याला चेतनगुणोक्ती म्हणतो ती येथे लागू पडत नाही. अचेतनावर चेतनेचा आरोप झालेला नसून जे नाते आधीपासून मानले जात होते, त्याला कायद्याच्या भाषेत मांडले गेले आहे.

६. वाचनाचे परिणाम

प्रतीक म्हणून वाचण्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. याचे पहिले उदाहरण विज्ञानाच्या क्षेत्रातील आहे. टूसॉनजवळील भव्य सवारोंच्या दाट वनासाठी १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान बनले. स्मारक होऊन काही वर्षे होतात तोच मोठे सवारो कुजून पडू लागले. जिवाणूजन्य रोग हे कारण मानून १९४१ मध्ये रोगट झाडे तोडून पुरण्याचा प्रयोग झाला आणि शतकाअखेर हे वन संपेल असे भाकीतही केले गेले. पुढे १९७० व १९८० च्या दशकांत वॉरेन स्टीनबर्ग व चार्ल्स लो यांच्या अभ्यासातून गोठवणारी थंडी हे वृद्ध सवारोंच्या मृत्यूचे मुख्य कारण म्हणून पुढे आले. १९३७ च्या कडाक्याच्या थंडीचा परिणाम नंतरच्या वर्षांत दिसला होता आणि जिवाणू बव्हंशी त्या इजेनंतर येत होते. तरुण सवारो का नव्हते, याचे उत्तर आणखी वेगळे होते. सरपणासाठी दाईवृक्ष तोडले गेले होते आणि गुरांच्या चराईने कोवळी रोपे तुडवली गेली होती. ती चराई १९७९ मध्ये थांबली. सर्वांचे लक्ष भव्य खांबांवर असताना त्यांच्या पायाशी असलेली झुडुपे व गुरे दुर्लक्षित राहिली. ॲरिझोनातीलच फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९१०-११ मध्येच रोपांची कमतरता व थंडीचा प्रभाव यांकडे लक्ष वेधले होते, हे पाहता माहितीपेक्षा दृष्टीची उणीव अधिक होती असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण गवताचे. ॲरिझोनात 'बफेलग्रास' म्हणून ओळखले जाणारे गवत विसाव्या शतकात चाऱ्यासाठी व धूप थांबवण्यासाठी तेथे आणले गेले. हेच आपल्याकडील अंजन गवत. आफ्रिका व आशियातील मूळ प्रदेशात उपयुक्त असलेले हे गवत सोनोरन वाळवंटात मोकळ्या जागा भरून टाकते आणि वणव्याला वाट करून देते. सवारो व त्याचे शेजारी वणव्याशी जुळवून घेत उत्क्रांत झालेले नाहीत. आपल्या माळरानावर गुणी असलेली वनस्पती परक्या संबंधव्यवस्थेत घातक ठरते, हे महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जाणवावे. झाडांच्या मधली 'रिकामी' जागा वाया जात आहे, या समजुतीतून हे गवत पेरले गेले. वस्तुतः ती मोकळी जागाच सवारोचे आगीपासून रक्षण करत होती.

तिसरे उदाहरण उष्म्याचे. २०२३ मध्ये फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक होते. त्या उन्हाळ्यात शहरातील सवारोंच्या फांद्या गळाल्या, काही झाडे कोसळली. दिवसाच्या उन्हाइतकेच रात्री न उतरणारे तापमान यास कारण होते, कारण सवारोला श्वसनाची सवड रात्रीच मिळते. 'काहीही सोसणारा' ही कणखर प्रतिमा ज्यांच्या मनात होती त्यांना या बातमीने धक्का बसला.

चौथे उदाहरण सीमेचे. २०२० च्या फेब्रुवारीत ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात सीमाभिंतीच्या कामासाठी ओऽधाम लोकांना पवित्र असलेल्या भागात सुरुंग लावण्यात आले आणि मार्गातील सवारो पाडण्यात आले. काही झाडे अन्यत्र हलवली गेली. एरवी ॲरिझोनात परवान्याशिवाय सवारो तोडणे वा हलवणे हा गुन्हा आहे आणि सवारोचे फूल १९३१ पासून त्या राज्याचे पुष्प आहे. सीमाबांधकामासाठी मात्र २००५ च्या एका केंद्रीय कायद्याने पर्यावरणविषयक कायदे बाजूला ठेवण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आहे. राज्याच्या वाहनांच्या पाट्यांवर आकृती म्हणून मिरवणारा सवारो आणि बुलडोझरखाली आडवा झालेला सवारो एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात, याचे कारण पहिला हा प्रतीक आहे. प्रतीकाला जागा लागत नाही. जिवंत सवारोला जमीन, दाईवृक्ष, वटवाघूळ व थंड रात्र लागते. पुढील वर्षी झालेल्या 'व्यक्ती' ठरावाकडे या पार्श्वभूमीवर पाहणे योग्य ठरेल.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) सवारोची एकाकी, स्वयंपूर्ण प्रतिमा ही प्रौढ झाडाच्या दूरदर्शनातून व विशिष्ट वाङ्मयीन परंपरेतून घडलेली आहे. त्याचा निसर्गेतिहास ती प्रतिमा पुष्ट करत नाही.

(२) तोहोनो ओऽधाम समाजाचे आकलन 'श्रद्धा' या सदरात टाकून बाजूला ठेवता येत नाही. फळ, पाऊस, काठी व गीत यांतील संबंधांचे त्यात सूक्ष्म निरीक्षण आहे. त्याच वेळी त्याला विज्ञानाचा पुरावा जोडल्याशिवाय किंमत नाही, अशी भूमिका घेणेही योग्य नव्हे.

(३) प्रतिमा व व्यवहार परस्परांपासून अलग नसतात. 'रिकामे वाळवंट' या वाचनाचे पडसाद रोगनिदानात, गवताच्या पेरणीत व भिंतीच्या बांधकामात उमटलेले दिसतात.

(४) अंडरहिल, नाभान व झेपेडा यांच्या लेखनाचा क्रम हा निवेदकाचे स्थान कसे बदलत जाते याचा आलेख आहे. महाविद्यालयीन वर्गात अमेरिकन साहित्य वा पर्यावरणवादी समीक्षा शिकवताना हे तीन ग्रंथ एकत्र वाचणे उपयुक्त ठरेल.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. कवितेत किंवा कथेत एखादी वनस्पती आली की 'ही कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना सवयीने विचारतो आणि प्रश्नपत्रिकेतही तोच असतो. त्याआधी 'ही कोठे वाढते, कोणाच्या आधाराने वाढते, तिला त्या गावचे लोक काय म्हणतात?' हे प्रश्न विचारले जावेत. वनस्पतिशास्त्र, भूगोल व भाषा या विभागांतील प्राध्यापकांनी एकत्र बसून शिकवता येईल असे हे प्रश्न आहेत. सवारोपासून सुरुवात करून ते बाभूळ, पळस किंवा आपल्या तिधारी निवडुंगापर्यंत आणता येतील. राष्ट्रीय उद्यानातील १९९० च्या दशकानंतरच्या नोंदींत दीर्घ अवर्षणामुळे कोवळ्या सवारोंची संख्या अत्यल्प आढळली आहे. जे रोप आज दाईवृक्षाखाली उभे नाही, त्याची फांदी शंभर वर्षांनंतर कोणाला दिसणार नाही. सवारोच्या भवितव्याची चर्चा म्हणूनच खांबाकडे पाहून संपत नाही. ती त्याच्या पायाशी असलेल्या सावलीपासून सुरू करावी लागते.